फरक शून्य आला, पण दोन पाटील एक झाले

सांगलीच्या मार्केट यार्डातलं एक अडत दुकान, म्हणजे शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून देणारं. हळद, बेदाणा, थोडी मिरची, सिझनला गूळ. भागीदारी फर्म, दोघं भाऊ शेठ, एक दिवाणजी जे त्यांच्या वडलांच्या वेळेपासून गादीवर आहेत, आणि बिलं टाकायला एक नवीन पोरगा. दुकानाचं नाव टाकत नाही, शेठनीच नको म्हटलंय. मी टॅलीची, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरची, कामं करतो, कुणाची एन्ट्री, कुणाचं जीएसटी रिटर्न, आणि अधूनमधून असलं "जुन्यातून नव्यात घेऊन द्या" टाइप काम येतं. हे त्यातलं सगळ्यात लांबलेलं, आणि चुका बऱ्याचशा माझ्याच, म्हणून नीट लिहून ठेवतोय.

यांच्याकडे २० एक वर्षं एक लोकल सॉफ्टवेअर होतं, व्हिज्युअल फॉक्सप्रो या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या प्रोग्रॅमिंगच्या साधनात केलेलं. अडतीच्या कामाला एक नंबर, पट्टी (शेतकऱ्याच्या विक्रीचा हिशेब) करताना तोलाई हमाली आपोआप कापायचं, उचल (आगाऊ घेतलेले पैसे) दाखवायचं, टॅलीला हे सगळं जोडून शिकवावं लागतं. पण ज्यांनी ते बनवलं ते आता फोन उचलत नाहीत, आणि सॉफ्टवेअर पॅरलल पोर्टच्या डोंगलवर (जुन्या प्रिंटरच्या जागेत खोचायची किल्ली, ती नसेल तर उघडतच नाही) चालतं. नव्या कॉम्प्युटरला तसलं पोर्टच नसतं. म्हणजे जुना डबा बंद पडला की दुकानाची खतावणी बंद. फॉक्सप्रोचं शेवटचं व्हर्जन ९, ते आलं २००४ ला आणि मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट संपला २०१५ ला, त्यामुळे पुढं कुणी वारस मिळेल अशीही आशा नव्हती. ठरलं की १ एप्रिल २०२४ पासून टॅली प्राइम, आणि ३१ मार्चची येणी-देणी बिलवार आत घ्यायची.

बिलवार हा शब्द महत्त्वाचा. नुसती बाकी घेतली असती तर काम दोन दिवसांचं होतं. पण व्यापाऱ्यांकडची उधारी कुठल्या बिलाची आणि किती दिवसांची हे दिसलं नाही तर वसुली कशावर करणार. शिवाय संपत आलेलं २०२३-२४ हे आयकराच्या ४३बी(एच) चं पहिलं वर्ष होतं, सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिलं ४५ दिवसांत (लेखी करार नसेल तर १५ दिवसांत) दिली नाहीत तर तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, पैसे देतील त्या वर्षी धरायचा. बेदाण्याचे बॉक्स बनवणारा, हळद पॉलिश करणारा, असे लोक त्यात येतात. सीएनी आधीच बजावलं होतं, तारखा हव्यात.

आता जुना डेटा. सॉफ्टवेअरमध्ये एक्सपोर्टचं बटण नाही, रिपोर्ट फक्त प्रिंटरवर. पण फोल्डर उघडला तर आत डीबीएफ फाइल्स, फॉक्सप्रोचे डेटाचे तक्ते, म्हणजे निम्मी लढाई जिंकली असं मला वाटलं. खात्यांची एक, बिलांची एक, मालाची एक, व्यवहारांची वर्षागणिक वेगळी. कॉलमची नावं १० अक्षरांच्या आतच असतात डीबीएफमध्ये, त्यामुळे सगळी तोडलेली आणि अंदाजानं लावायची. पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली, डीबीएफचा ढाचा साधा असतो, हेडर आणि मग ठराविक लांबीचे रेकॉर्ड, लायब्ररी कशाला शोधत बसू म्हणून सरळ बाइट वाचले. हा शहाणपणा पुढं नडला, सांगतो.

पहिला अडथळा नावांचा. व्यापाऱ्यांची नावं इंग्रजीत होती, शेतकऱ्यांची मराठीत, पण ती युनिकोडच्या आधीची मराठी, कृतिदेवच्या पद्धतीचा फॉन्ट. स्क्रीनवर "पाटील" दिसतं पण फाइलमध्ये आहे आय, के, कॅपिटल व्ही, एच, वाय. फॉन्ट काढला की अर्थ गेला. कन्व्हर्टर नेटवर भरपूर आहेत पण हे सॉफ्टवेअरवाल्यांनी फॉन्टमध्ये थोडी स्वतःची कारागिरी केलेली, ळ दुसऱ्याच बटणावर, त्यामुळे सगळे कांबळे, माळी, साळुंखे, आणि हळदसुद्धा, बिघडून आले. शिवाय जुन्या फॉन्टमध्ये जसं दिसतं तसं साठवतात, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर, युनिकोडमध्ये बरोबर उलटं. शेवटी स्वतःचा तक्ता बनवला आणि दिवाणजींना शेजारी बसवून सगळी यादी वाचून घेतली. त्यांनी एक चूक काढली नाही असं एक पानही नव्हतं. पण गंमत अशी की ते नाव वाचत नव्हतेच, नावापुढचा कोड वाचत होते आणि मग "हां, हे सावळजचे" असं म्हणायचे. तेव्हाच माझ्या डोक्यात ट्यूब पेटायला हवी होती.

मग एक्सेल. खरं तर स्क्रिप्टमधून सरळ टॅलीची फाइल बनवता आली असती, पण शेठना बघायला पाहिजे म्हणून मधे एक्सेल आणलं आणि एक्सेलनं आपलं काम केलं. हळदीचा एचएसएन (जीएसटीतला मालाचा कोड) ०९१०, बेदाण्याचा ०८०६, मिरचीचा ०९०४. सीएसव्ही (स्वल्पविरामानं तोडलेली साधी मजकूर फाइल) डबल क्लिक करून उघडली की ९१०, ८०६, ९०४. गूळ १७०१ तो सुखरूप, बाकी सगळे आपापल्या शून्याला मुकले. जीएसटीत यांच्या उलाढालीला ४ आकडी एचएसएन लागतो, ३ आकडी चालणारच नाही. बिल नंबर तर अजून भारी, जुन्या पद्धतीनं "४/२३", "५/२३" असे नंबर होते, त्यातले १२ पर्यंतचे एक्सेलनं महिने समजून तारखा करून टाकले, १२ च्या पुढचे तसेच. सेव्ह केलं की मूळ गेलं, परत येत नाही.

आणि तारखा. लॅपटॉपची रिजनल सेटिंग अमेरिकेची राहिलेली, त्यामुळे ०५/०४/२०२३ म्हणजे ५ एप्रिलचं बिल झालं ४ मे चं. १२ तारखेच्या पुढची बिलं एक्सेलला महिना म्हणून बसत नाहीत म्हणून ती मजकूर म्हणून तशीच राहिली. हे पकडायची एक सोपी खूण आहे, कॉलमची अलाइनमेंट न बदलता बघा, तारीख मानलेली सेल उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. आमचा कॉलम दात पडल्यासारखा दिसत होता. १० फेब्रुवारी २०२४ चं एक बिल २ ऑक्टोबर २०२४ चं झालं होतं, म्हणजे अजून माल जायचाय आणि उधारी उभी. दुसऱ्या दिवसापासून नियम केला, डबल क्लिक बंद, डेटा टॅबमधून इम्पोर्ट, प्रत्येक कॉलम टेक्स्ट, आणि तारीख फाइलमध्येच वर्ष-महिना-दिवस अशी ८ आकडी, २०२३०४०५. टॅलीत डेटा चढवायच्या एक्सएमएल फाइललाही तीच लागते.

एक्सएमएल का, तर माझा हात त्यावर बसलाय. टॅली प्राइम ४.० पासून एक्सेलमधून थेट इम्पोर्ट आलंय, नवीन माणसानं तेच वापरावं. पण दोन्हीकडं एक गोष्ट डोक्यात पक्की लागते, ती म्हणजे जमा (क्रेडिट, आपलं देणं) आणि नावे (डेबिट, आपलं येणं). टॅलीच्या एक्सएमएलमध्ये नावे रक्कम उणे लिहितात आणि जमा अधिक. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उलट होतं. हे मला माहीत होतं म्हणून मी सुटलो, नाहीतर सगळे देणेकरी घेणेकरी झाले असते आणि वाईट म्हणजे ताळेबंद तरीही जुळला असता, कारण दोन्ही बाजू एकदमच उलटतात.

तीन फाइल्स केल्या. शेतकरी एक, बँक-भांडवल-कर्ज वगैरे दुसरी, व्यापारी तिसरी. पहिल्या दोन गेल्या. तिसरी अडकली. कारण अँडचं ते जिलबीसारखं चिन्ह. "अमुक अँड सन्स" मधलं चिन्ह एक्सएमएलमध्ये तसंच चालत नाही, त्याच्यानंतर ए, एम, पी आणि अर्धविराम लावावा लागतो. मार्केट यार्डात अर्धे व्यापारी अँड सन्स नाहीतर अँड ब्रदर्स. रात्रीचे ११ वाजलेले, दुरुस्त केलं आणि झोपेत तिन्ही फाइल्स परत चढवल्या.

टॅलीत मास्टर, म्हणजे खात्यांची यादी, इम्पोर्ट करताना, खातं आधीच असेल तर काय करायचं हे विचारतात. तीन पर्याय, ओपनिंग बॅलन्स (सुरुवातीची बाकी) एकत्र करा, डुप्लिकेट सोडून द्या, किंवा नवीन डेटानं बदला. माझ्याकडं पहिला होता. एकत्र करा म्हणजे बेरीज करा. सकाळी उघडलं तर शेतकऱ्यांची देणी दुप्पट, बँकेत पैसे दुप्पट, शेठचं भांडवल दुप्पट. धाकटे शेठ म्हणाले, "असंच राहू द्या की." कंपनी डिलीट केली, कोरी केली, आता प्रत्येक फाइलच्या आधी बॅकअप घेऊन चढवली. आता पर्याय पण बदलून "डुप्लिकेट सोडून द्या" ठेवतो, निदान दुसऱ्यांदा चढवलं तर काही होत नाही.

यावेळी ताळेबंदात "डिफरन्स इन ओपनिंग बॅलन्सेस" अशी ओळ आली, ४६,३०० रुपये. टॅली ही ओळ स्वतःहून दाखवतं आणि ते चांगलंच करतं. आता हिशेबनीस लोकांचे जुने तोडगे, फरकाला ९ नी भाग जातो का बघा, जात असेल तर आकडे इकडचे तिकडे झालेत. ४६,३०० ला जात नाही. अर्धा करा, २३,१५०, या रकमेचं खातं चुकीच्या बाजूला गेलंय का. नाही. मग मी व्यापाऱ्यांची प्रत्येक बाकी जुन्या सॉफ्टवेअरच्या प्रिंटशी मिळवायला बसलो, आणि दोन खाती निघाली, एकात २८,९०० जास्त, दुसऱ्यात १७,४०० जास्त. दोन्हीकडं एकेक बिल जादा, जे जुन्या स्क्रीनवर दिसतच नाही पण माझ्या फाइलमध्ये आहे.

दिवाणजींना बिल नंबर सांगितला. त्यांनी चष्मा सारखा केला, मागच्या कपाटातून बिलबुक काढलं, थुंकी न लावता पान उलटायची त्यांची एक पद्धत आहे, बोटाला पाण्यात भिजवलेला स्पंज. पानावर आडवी लाल रेघ. "हे रद्द. गाडी मिरजेच्या पुढं गेलीच नव्हती, माल परत आला." दुसरं पण तसंच, बिल चुकलेलं म्हणून रद्द.

झालं होतं असं की डीबीएफमध्ये एखादा रेकॉर्ड डिलीट केला की तो लगेच पुसला जात नाही. रेकॉर्डच्या अगदी पहिल्या बाइटमध्ये जागा रिकामी असेल तर रेकॉर्ड जिवंत, तारा (*) असेल तर मेलेला. खरोखर पुसायला पॅक नावाची कमांड द्यावी लागते, ती कुणी दिली नव्हती. जुनं सॉफ्टवेअर तारा बघून रेकॉर्ड लपवायचं, माझी हुशार स्क्रिप्ट तो बाइट ओलांडून पुढचं वाचत होती. एक ओळ वाढवली. बिलांच्या फाइलमध्ये असे मेलेले रेकॉर्ड बरेच होते, पण बाकीच्यांवर येणं शून्य धरलेलं म्हणून फक्त दोनच वर आले. ते दोन पण शून्य असते तर हे मला कधी कळलंच नसतं.

फरक शून्य. चहा झाला, शेठनी बाकरवडी आणवली. मी ठरलेल्यातले निम्मे पैसे घेतले आणि १५ एप्रिलला काम संपलं असं समजून घरी गेलो.

मृगाच्या तोंडावर दुकानातून फोन. तासगावकडचे एक पाटील आलेत आणि भांडण चाललंय. शेतकरी बऱ्याचदा पट्टीचे सगळे पैसे लगेच नेत नाहीत, अडत्याकडंच ठेवतात आणि पेरणीच्या आधी खताबियाणाला उचलतात. यांचे मार्चच्या पट्टीचे ६५,००० होते. पोरानं टॅलीत बघितलं तर २५,००० जमा. तो बिचारा सरळ म्हणाला, "काका, तुमची ४० हजार उचल वजा जाता पंचवीस राहतात." ते म्हणाले, मी आयुष्यात अडत्याकडून उचल घेतली नाही, तू कुणाला शिकवतोस. आवाज चढला तसे आतून दिवाणजी आले, माणसाकडं बघितलं आणि पोराला म्हणाले, "अरे हे १०४७. उचलवाले १३१२. ते वेगळे पाटील."

गाव तेच, आडनाव तेच, पहिलं नाव तेच, वडलांचं नाव जुन्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त एका अक्षरात आणि तेही दोघांचं सारखंच. जुन्या सॉफ्टवेअरला फरक पडत नव्हता कारण ते कोडवर चालायचं, नाव नुसतं शोभेला. टॅलीत खात्याचं नाव हीच ओळख, एका नावाची दोन खाती होत नाहीत. मला हे माहीत होतं, म्हणूनच तर मी स्क्रिप्टमध्ये नावावरून गठ्ठे करून बाक्यांची बेरीज केली होती, की टॅलीनं डुप्लिकेट म्हणून अडवू नये! ६५,००० जमा आणि ४०,००० नावे, नक्त २५,००० जमा. दोन्ही बाजूनं सारखेच ४०,००० गायब, त्यामुळे फरक शून्य, शेतकरी ग्रुपची नक्त बेरीज तीच. टॅलीनं काहीही चुकीचं दाखवलं नव्हतं. मी जे दिलं तेच दाखवत होतं.

व्यापाऱ्यांच्या बाबतीत मी एकेक बाकी मिळवली होती कारण तिथं फरक आला. शेतकऱ्यांच्या बाबतीत फरक आला नाही म्हणून बघितलंच नाही. तो ४६,३०० चा फरक आला ते बरंच झालं असं मला आजही वाटतं, उलट शेतकऱ्यांतही एखादी ढोबळ चूक निघायला हवी होती.

तपासलं तर अशा ११ जोड्या. एका ठिकाणी तर तिघं. आता परत इम्पोर्ट शक्य नव्हतं, दोन-अडीच महिन्यांच्या एन्ट्र्या पडलेल्या. हातानंच करावं लागलं, प्रत्येक खातं उघडून ओपनिंग जुन्या प्रिंटप्रमाणं करायचं, दुसरं खातं नवीन काढायचं, मग एप्रिलपासूनची प्रत्येक पट्टी आणि प्रत्येक रोखीची एन्ट्री उघडून, ही १०४७ ची का १३१२ ची हे दिवाणजींना विचारून पार्टी बदलायची. दोन संध्याकाळी गेल्या. फर्म भागीदारी आहे म्हणून ठीक, प्रायव्हेट लिमिटेड असती तर १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना एडिट लॉगवालं सॉफ्टवेअर सक्तीचं आहे, प्रत्येक बदलाची नोंद राहिली असती आणि ऑडिटरला हे सगळं पुराण सांगत बसावं लागलं असतं.

नावं आता "पाटील, गाव, कोड" अशी. आणि टॅलीतल्या एलियसमध्ये (खात्याच्या दुसऱ्या नावात) नुसता कोड. हे खरं तर पहिल्या दिवशी करायचं काम, कारण टॅलीत खातं निवडताना एलियस टाइप केलं तरी चालतं. पोरगा मराठी टायपिंगला वैतागला होता, तो आता १०४७ दाबतो आणि एंटर. दिवाणजींनी टॅली वापरायला नाही म्हणून सांगितलेलं, कोड चालतो कळल्यावर स्वतः खुर्चीवर बसले.

नंतर मग मी ते केलं जे इम्पोर्टच्या दिवशी करायला पाहिजे होतं. टॅलीतून सगळी खाती एलियससकट ओपनिंगसह एक्सेलमध्ये बाहेर काढली, शेजारी डीबीएफमधली यादी, कोडवर व्हीलुकअप (एक्सेलचं जुळवणीचं सूत्र), आणि प्रत्येक ओळीला वजाबाकी. बेरीज नाही, ओळ. इथं बाहेर काढताना पण एक खड्डा आहे, सीएच्या ऑफिसातला आर्टिकलवाला (शिकाऊ पोरगा) त्यात पडला होता म्हणून सांगतो. टॅलीतून काढलेल्या एक्सेलमध्ये रकमेपुढं नावे किंवा जमा दिसतं ते बऱ्याचदा सेलचं फॉरमॅट असतं, सेलच्या आत नुसता आकडा, चिन्हाशिवाय. २५,००० नावे आणि २५,००० जमा यांची बेरीज शून्य यायच्या ऐवजी ५०,००० येते. त्यानं कॉलमची बेरीज करून आम्हाला फोन केला होता की तुमचा ट्रायल (सगळ्या खात्यांच्या बाक्यांची यादी) जुळत नाही. नावे आणि जमा वेगळ्या कॉलममध्ये येतील असा रिपोर्ट काढला की प्रश्न मिटतो.

एकूण ओळींपैकी शेवटी दोन राहिल्या जिथं वजाबाकी शून्य नव्हती, दोन्ही ठिकाणी पैशांचं राउंडिंग, ४० पैसे आणि ६० पैसे. सोडून दिलं.

जुना डबा टाकलेला नाही. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणं हिशेब वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवायचे असतात, आणि मागची वर्षं आम्ही टॅलीत घेतलेलीच नाहीत, फक्त सगळ्या खात्यांचे उतारे पीडीएफ करून ठेवलेत. डबा माळ्यावर, हळदीच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळलेला, डोंगल मागं टेपनं चिकटवलेला. मागच्या दिवाळीला चालू करून बघितला तर सॉफ्टवेअर उघडेना, म्हणे तारीख चुकीची. मदरबोर्डचा सेल गेलेला, घड्याळ २००२ ला जाऊन बसलं होतं. सीआर २०३२ सेल टाकला, तारीख लावली. उघडलं. दिवाणजींनी पहिलं खातं बघितलं ते १३१२ चं.